सीमेपलीकडे जाणाऱ्या प्रवासी रेल्वेगाड्या आणि त्यांमागची सरकारी बोलणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारत आणि शेजारी देशांदरम्यानच्या रेल्वेसेवांवर लिहू लागल्यापासून वाचकांचे काही ठरावीक प्रश्न सतत येत आहेत. ते एकत्र करून येथे उत्तरे दिली आहेत. माहिती २०२५ च्या उत्तरार्धापर्यंतची आहे. ज्या मुद्द्याचे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आले आहे तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सध्या भारतातून शेजारच्या देशात जाणारी एखादी प्रवासी रेल्वे चालू आहे का?

नेपाळला जाणारी चालू आहे. बिहारमधील जयनगरहून सुटणारी गाडी इनर्वा, जनकपूरधाम, कुर्था असे करत नेपाळमधील बिजलपुरापर्यंत जाते. पाकिस्तानच्या दोन्ही गाड्या, म्हणजे समझौता एक्सप्रेस आणि थार एक्सप्रेस, ऑगस्ट २०१९ पासून बंद आहेत. बांगलादेशच्या मैत्री, बंधन आणि मिताली या तीन एक्सप्रेस जुलै २०२४ मध्ये थांबल्या. भूतानपर्यंत लोहमार्गच नाही, पण त्याचा निर्णय झाला आहे (प्रश्न १६ पाहावा).

२. ही बोलणी नेमके कोण करते? रेल्वे मंत्रालय की परराष्ट्र मंत्रालय?

दोन्ही, आणि त्याखेरीज आणखी दोन मंत्रालये. गाडी सुरू करायची की नाही हा निर्णय राजकीय असल्यामुळे तो परराष्ट्र मंत्रालयाच्या सल्ल्याने आणि बहुधा पंतप्रधानांच्या भेटीत जाहीर होतो. वेळापत्रक, डबे, इंजिन, चालक आणि भाड्याची वाटणी हे विषय रेल्वे मंत्रालयाचे आहेत. व्हिसा, इमिग्रेशन आणि सीमेवरची सुरक्षा गृह मंत्रालयाकडे असते. सामानाची तपासणी करणारे सीमाशुल्क खाते अर्थ मंत्रालयाच्या अखत्यारीत येते, आणि सीमाशुल्क कायदा १९६२ नुसार कोणत्या स्थानकातून माल व सामान आत-बाहेर जाऊ शकेल हे अधिसूचनेने ठरवावे लागते.

बांगलादेशाबरोबर दोन्ही देशांच्या रेल्वे अधिकाऱ्यांची आंतरसरकारी रेल्वे बैठक होत आली आहे. वर्तमानपत्रांत छायाचित्र येते ते हिरवा झेंडा दाखवणाऱ्या मंत्र्यांचे. पण गाडी किती वाजता सीमा ओलांडेल, सीमेवर इंजिन कोणाचे जोडायचे आणि बिघाड झाला तर मदत कोणी पाठवायची, या गोष्टी या बैठकांत मिटतात. चारपैकी एका खात्याची संमती बाकी असेल तरी गाडी सुटत नाही, आणि बरीचशी दिरंगाई या एका कारणाने होते.

३. अशा करारात काय काय लिहिलेले असते?

मार्ग, सीमेवरची दोन्ही बाजूंची स्थानके, आठवड्यातील फेऱ्या, कोणाचे डबे कोणत्या काळात वापरायचे, चालक आणि गार्ड कोणत्या ठिकाणी बदलायचे, भाडे किती, ते कोणत्या सूत्राने वाटून घ्यायचे, अपघात किंवा नुकसान झाल्यास जबाबदारी कोणाची आणि कराराची मुदत किती, एवढ्या बाबी त्यात असाव्या लागतात. समझौता एक्सप्रेसच्या बाबतीत दोन्ही देशांचे डबे सहा-सहा महिने आळीपाळीने वापरण्याची पद्धत होती. तो करार ठरावीक मुदतीचा होता आणि त्याला वेळोवेळी मुदतवाढ दिली जात असे.

मुदतवाढीचे हे कलम दिसायला किरकोळ वाटते. परंतु संबंध बिघडलेल्या काळातही मुदत संपत आली की दोन्ही बाजूंना एकमेकांशी पत्रव्यवहार करावाच लागे, आणि इतर सर्व दारे बंद असताना तेवढा एक संवाद चालू राही.

४. रूळ तर इंग्रजांच्या काळापासून आहेत. मग एक गाडी सुरू करायला इतकी वर्षे का लागतात?

रूळ असणे आणि त्यावरून आजची गाडी जाणे यांत बरेच अंतर आहे. मैत्री एक्सप्रेसचे उदाहरण घेऊ. कोलकाता आणि पूर्व बंगाल यांच्यातील प्रवासी गाड्या फाळणीनंतरही चालू होत्या. त्या १९६५ च्या युद्धात बंद पडल्या. बांगलादेश १९७१ मध्ये स्वतंत्र झाला तरी त्या परत आल्या नाहीत. प्रवासी गाडीचा करार झाला तो जुलै २००१ मध्ये, आणि पहिली गाडी धावली १४ एप्रिल २००८ रोजी, बंगाली नववर्षाच्या दिवशी, दोन्ही टोकांकडून एकाच वेळी. कोलकात्याला तिला हिरवा झेंडा दाखवला तो तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी.

मधली सात वर्षे सगळी राजकारणात गेली असे नाही. बांगलादेशाच्या पश्चिम भागात भारतासारखे ब्रॉडगेज रूळ आहेत, तर ढाक्यासह पूर्व भागात परंपरेने मीटरगेज. दोन भागांच्या मध्ये जमुना नदी (ब्रह्मपुत्रेचे बांगलादेशातील नाव). तिच्यावरचा पूल १९९८ मध्ये झाला आणि त्यानंतर जादा रूळ टाकून मार्ग दोन्ही गेजच्या गाड्यांना चालेल असा करावा लागला. तोवर कोलकात्याहून निघालेला डबा ढाक्यापर्यंत नेण्याची सोयच नव्हती. त्यानंतर तपासणीची स्थानके, सीमेवरचे कुंपण आणि सुरक्षेचे प्रश्न सोडवण्यात उरलेली वर्षे गेली.

नेपाळचा अनुभव अधिक बोलका आहे. जयनगर ते कुर्था हा सुमारे ३५ किलोमीटरचा मार्ग भारताच्या अनुदानातून ब्रॉडगेज झाला. नेपाळने घेतलेल्या दोन गाड्या सप्टेंबर २०२० मध्ये पोहोचल्या. त्या दीड वर्षाहून अधिक काळ उभ्या राहिल्या, कारण नेपाळमध्ये रेल्वे चालवण्यासाठी लागणारा कायदा नव्हता, पुरेसे प्रशिक्षित कर्मचारी नव्हते आणि सीमेवरील कार्यपद्धतीवर दोन्ही सरकारांची सहमती व्हायची होती. कायद्याची गरज अखेर अध्यादेश काढून भागवण्यात आली. २ एप्रिल २०२२ रोजी नरेंद्र मोदी आणि शेरबहादूर देउबा यांनी सेवेचे उद्घाटन केले. नवी गाडी फलाटावर उभी असताना कागदपत्रांसाठी दीड वर्ष थांबावे लागणे हे माझ्या मते टाळता येण्यासारखे होते. रुळांचे काम आणि कार्यपद्धतीची बोलणी एकाच दिवशी सुरू व्हायला हवीत.

५. प्रवाशांना सीमेवर सामानासकट उतरवतात, ते का? सुटण्याच्या स्थानकातच तपासणी का करत नाहीत?

करता येते, आणि मैत्री एक्सप्रेसच्या बाबतीत ९ नोव्हेंबर २०१७ पासून ती तशी सुरूही झाली. त्यापूर्वीची पद्धत समजून घेतली म्हणजे या बदलाचे महत्त्व कळेल. कोलकात्याहून निघालेली गाडी नदिया जिल्ह्यातील गेदे या सीमेवरच्या स्थानकात थांबत असे. सर्व प्रवाशांनी बॅगा, पिशव्या, लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन खाली उतरायचे, इमिग्रेशनच्या रांगेत पासपोर्टवर शिक्का घ्यायचा, सीमाशुल्काच्या टेबलावर सामान उघडून दाखवायचे आणि पुन्हा डब्यात चढायचे. गाडी थोडे अंतर कापून सीमेपलीकडच्या दर्शना स्थानकात पोहोचली की तेच सगळे दुसऱ्यांदा. उपचारासाठी कोलकात्याला आलेल्या रुग्णालाही यातून सुटका नसे, आणि या गाडीत असे रुग्ण पुष्कळ असत.

नव्या पद्धतीत इमिग्रेशन आणि सीमाशुल्क कोलकाता स्थानकात व ढाका कॅन्टोन्मेंट स्थानकात होऊ लागले आणि प्रवासाचे सुमारे तीन तास वाचले. मात्र त्यासाठी सरकारांना एक अवघड गोष्ट मान्य करावी लागते: शिक्का बसल्यानंतरही गाडी आपल्याच भूमीवरून काही तास धावणार असते, त्या वेळेत कोणी चढता-उतरता कामा नये. म्हणून डबे बंद ठेवणे, मधले थांबे काढून टाकणे आणि गाडीबरोबर सुरक्षा दल देणे हे सगळे करारात येते. पाकिस्तानच्या गाड्यांच्या बाबतीत असा विश्वास दोन्ही बाजूंना कधीच वाटला नाही, त्यामुळे पंजाबातील अटारी-वाघा आणि राजस्थानच्या सीमेवरील मुनाबाव-झिरो पॉइंट (पलीकडचे पाकिस्तानी स्थानक) येथे उतरून तपासणी शेवटपर्यंत राहिली.

६. समझौता एक्सप्रेस कशी सुरू झाली आणि किती वेळा बंद पडली?

१९७१ च्या युद्धानंतर २ जुलै १९७२ रोजी सिमला करार झाला. त्यात दळणवळण पुन्हा सुरू करण्याचा उल्लेख होता. त्यानुसार पुढे स्वतंत्र रेल्वे करार झाला आणि २२ जुलै १९७६ रोजी अमृतसर-लाहोर गाडी सुरू झाली. सुरुवातीला ती रोज धावत असे. नंतर पंजाबमधील अशांततेमुळे भारताच्या बाजूला तिचे शेवटचे स्थानक अटारी झाले आणि फेऱ्या आठवड्यातून दोन उरल्या. दिल्लीचे प्रवासी वेगळ्या जोडगाडीने अटारीपर्यंत येत.

१३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर हल्ला झाल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून सेवा थांबली ती १५ जानेवारी २००४ रोजी परत सुरू झाली. फेब्रुवारी २००७ मध्ये दिल्लीहून अटारीकडे निघालेल्या गाडीत पानिपतजवळ दिवाना येथे स्फोट होऊन अडुसष्ट जण मृत्युमुखी पडले, त्यांत बहुसंख्य पाकिस्तानी नागरिक होते. त्यानंतरही दोन्ही सरकारांनी गाडी बंद केली नाही. त्या निर्णयाबद्दल मला आजही आदर वाटतो, कारण गाडी बंद पाडणे हाच हल्ला करणाऱ्यांचा हेतू असावा असे मानायला जागा होती. २०१९ च्या फेब्रुवारीअखेरीस, बालाकोटनंतर, पाकिस्तानने ती काही दिवस थांबवली. शेवटचा खंड ऑगस्ट २०१९ चा. त्याबद्दल प्रश्न ८ पाहावा.

७. मुंबईहून कराचीला रेल्वेने जाता येत असे का?

थार एक्सप्रेस चालू असताना जोधपूरमार्गे जाता येत असे. १९६५ च्या युद्धात बंद झालेला मुनाबाव-खोखरापार मार्ग ४१ वर्षांनी, १८ फेब्रुवारी २००६ रोजी, पुन्हा उघडला. जोधपूरच्या भगत की कोठी स्थानकातून आठवड्यातून एकदा गाडी सुटे, मुनाबावला तपासणी होई, आणि पलीकडून पाकिस्तानची गाडी कराचीपर्यंत नेई.

महाराष्ट्रासाठी हा मार्ग दूरचा नव्हता. सिंध हा १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता आणि मुंबई-कराची ये-जा रोजची होती. फाळणीनंतर कल्याणजवळच्या छावणीतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरात सिंधी कुटुंबे वसली. दुसरीकडे मुंबई आणि कोकणातील अनेक मुसलमान कुटुंबांची निम्मी माणसे कराचीत राहिली. लग्न, आजारपण आणि मयत यांसाठी जाणारी ही माणसे विमानाचे तिकीट परवडत नाही म्हणून गाडीची वाट पाहत. मुंबईतील पाकिस्तानचा आणि कराचीतील भारताचा वाणिज्य दूतावास १९९० च्या दशकापासून बंद असल्यामुळे व्हिसासाठी त्यांना राजधानीच्या शहरातील उच्चायुक्तालयाकडेच अर्ज करावा लागे. व्हिसावर शहरांची नावे आणि प्रवेशाचे ठिकाण लिहिलेले असे आणि पोहोचल्यावर बहुतेकांना पोलिसांकडे नोंद करावी लागे. एवढे करूनही गाडी भरत असे, यावरून गरज किती खरी होती ते समजते.

८. एक देश एकतर्फी गाडी बंद करू शकतो का? दुसऱ्याची संमती लागत नाही का?

सुरू करण्यासाठी दोघांची संमती लागते, बंद करण्यासाठी एकाचा निर्णय पुरतो. जम्मू-काश्मीरच्या विशेष दर्जाबाबतच्या भारताच्या निर्णयानंतर ८ ऑगस्ट २०१९ रोजी पाकिस्तानचे तत्कालीन रेल्वेमंत्री शेख रशीद अहमद यांनी समझौता एक्सप्रेस बंद केल्याची घोषणा केली. त्या दिवशी लाहोरहून निघालेली गाडी प्रवाशांसह वाघ्याला उभी राहिली आणि पाकिस्तानी चालकांनी सीमा ओलांडण्यास नकार दिला. तेव्हा भारताने अटारीहून आपले इंजिन आणि आपले कर्मचारी पाठवून ती गाडी आणवली. थार एक्सप्रेसही त्याच महिन्यात थांबली. १६ ऑगस्टपासून भारताच्या बाजूने ती पुढील आदेशापर्यंत रद्द झाली.

वाघ्याला त्या दिवशी अडकलेल्या प्रवाशांनी व्हिसा घेतला होता, तिकीट काढले होते, कोणताही नियम मोडला नव्हता. सेवा थांबवण्याचा अधिकार सरकारांना असावा हे मान्य. परंतु निघालेली गाडी मुक्कामाला पोहोचेल आणि पलीकडे गेलेल्या माणसाला ठरावीक दिवसांत त्याच मार्गाने परतता येईल, अशी हमी प्रत्येक रेल्वे करारात ठळकपणे लिहिलेली असावी असे मला ठामपणे वाटते. विमानांच्या आणि बसच्या बोलण्यांतही हीच मागणी व्हायला हवी.

९. बांगलादेशच्या तीन गाड्यांत फरक काय, आणि त्या का थांबल्या?

मैत्री एक्सप्रेस कोलकाता ते ढाका, गेदे-दर्शनामार्गे. बंधन एक्सप्रेस कोलकाता ते खुलना, पेट्रापोल-बेनापोलमार्गे. तिचे उद्घाटन ९ नोव्हेंबर २०१७ चे. मिताली एक्सप्रेस न्यू जलपाईगुडी ते ढाका, हल्दीबाडी-चिलाहाटीमार्गे. हा तिसरा मार्गही १९६५ पासून बंद होता. तो डिसेंबर २०२० मध्ये पुन्हा जोडला गेला, मार्च २०२१ मध्ये मितालीचे दूरदृश्य उद्घाटन झाले, पण कोविडमुळे प्रत्यक्ष सेवा १ जून २०२२ रोजी सुरू झाली. मैत्री आणि बंधनही मार्च २०२० ते मे २०२२ बंदच होत्या.

जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात आरक्षणविरोधी आंदोलन पेटले, संचारबंदी लागली आणि तिन्ही गाड्या थांबल्या. ५ ऑगस्टला शेख हसीना यांचे सरकार गेले. त्याआधी दीडच महिना, २२ जून २०२४ रोजी, त्यांच्या दिल्ली भेटीत राजशाही-कोलकाता अशी चौथी गाडी जाहीर झाली होती. ती घोषणा कागदावर राहिली. येथे औपचारिक बंदी किंवा करारभंग असा काही झालेला नाही. सुरक्षेची हमी आणि पुरेसे व्हिसा या दोन गोष्टी परत आल्याशिवाय गाड्या सुरू करण्यात अर्थ नाही, अशी ही अडचण आहे.

१०. प्रवासी गाड्या बंद असताना मालगाड्या कशा चालतात?

मालाला व्हिसा लागत नाही. वाघिणी बंद करून मोहोर लावता येतात, कागदपत्रे आधी पाठवता येतात आणि सीमाशुल्काखेरीज दुसऱ्या कोणत्या खात्याची मोठी भूमिका उरत नाही. शिवाय मालगाडी थांबली की दोन्हीकडचे व्यापारी आणि कारखानदार ताबडतोब ओरड करतात. २०२४ मध्येही बांगलादेशाबरोबरच्या मालगाड्या प्रवासी गाड्यांच्या कितीतरी आधी सुरू झाल्या. आजोळी निघालेल्या प्रवाशांची संघटना नसते, त्यामुळे त्यांच्या गाडीसाठी मंत्रालयात पाठपुरावा करणारे कोणी नसते.

११. या गाड्यांचे तिकीट नेहमीसारखे ऑनलाइन का मिळत नसे? आणि व्हिसा असला की पुरे का?

मैत्री आणि बंधनची तिकिटे भारतात कोलकाता स्थानक आणि फेअरली प्लेस येथील खास खिडक्यांवर मूळ पासपोर्ट आणि वैध व्हिसा दाखवून काढावी लागत. तिकिटावरील नाव, पासपोर्ट आणि व्हिसा यांची पडताळणी तेथेच होई. व्हिसा असणे पुरेसे नव्हते: तो रेल्वेने त्या विशिष्ट सीमास्थानकातून प्रवेशासाठी दिलेला असावा लागे. विमानतळाचा किंवा रस्त्याने जाण्याचा व्हिसा घेऊन आलेल्या अनेकांना तिकीट नाकारले गेले आहे. प्रौढ प्रवाशाला ३५ किलो आणि मुलाला २० किलो सामान विनाशुल्क नेता येई. सेवा पुन्हा सुरू झाल्यास नियम बदललेले असू शकतात. अर्ज भरताना प्रवेशाच्या ठिकाणाचा रकाना मात्र तेव्हाही नीट पाहावा.

१२. रेल्वेनेच गाडी रद्द केली तर पैसे परत मिळतात का?

भाडे मिळते, आणि ते जेथून तिकीट काढले त्या बाजूच्या रेल्वेकडून. व्हिसाचे शुल्क, रुग्णालयाची ठरलेली वेळ किंवा पुढच्या गाडीचे आरक्षण यांची भरपाई कोणी करत नाही. पलीकडे असताना सेवा थांबल्यास काय होते याबद्दल प्रश्न ८ मध्ये लिहिले आहे.

१३. जयनगर-जनकपूर गाडीला पासपोर्ट लागतो का? आधार कार्ड चालते का? आमचा मुलगा अमेरिकेचा नागरिक आहे, तो बरोबर येऊ शकेल का?

भारत आणि नेपाळच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात जाण्यासाठी व्हिसा लागत नाही. त्याचा आधार १९५० चा मैत्री करार. पण ओळखपत्र लागते. भारतीयांसाठी वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र ही सर्वांत सोयीची कागदपत्रे होत. आधार कार्डाबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे: पंधरा वर्षांखालील आणि पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना ते चालते, मधल्या वयाच्या माणसाला केवळ आधारवर जाता येत नाही. कुटुंब एकत्र जात असेल आणि एका प्रौढाकडे मान्य कागदपत्र असेल, तर इतरांना नाते दाखवणारे छायाचित्रासह ओळखपत्र चालण्याची सवलत आहे.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आप्तांचा प्रश्न अवघड आहे. ही गाडी केवळ भारतीय आणि नेपाळी नागरिकांसाठी सुरू करण्यात आली. तिसऱ्या देशाच्या नागरिकाला तिच्यात बसता येत नाही. ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरी कार्डधारक कायद्याने परदेशी नागरिकच असतो. त्यामुळे जनकपूरच्या जानकी मंदिराला जाणाऱ्या मराठी कुटुंबात एखादा अमेरिकी किंवा ब्रिटिश पासपोर्टधारक असेल, तर त्याने विमानाने किंवा परदेशी नागरिकांसाठी मान्य असलेल्या रस्त्यावरील नाक्यावरून, नेपाळचा व्हिसा घेऊन जावे.

१४. कोकण रेल्वेचा नेपाळशी काय संबंध?

थेट संबंध आहे, आणि आपल्याकडे तो फारसा कोणाला ठाऊक नाही. जयनगर मार्गावर धावणाऱ्या दोन्ही डेमू गाड्या नेपाळने बेलापूरला मुख्यालय असलेल्या कोकण रेल्वे महामंडळाकडून २०१९ च्या कराराने विकत घेतल्या; त्या चेन्नईच्या कारखान्यात बांधल्या गेल्या. गाड्या चालवण्यासाठी आरंभी तांत्रिक कर्मचारीही कोकण रेल्वेने दिले. याखेरीज रक्सौल-काठमांडू या सुमारे १४० किलोमीटरच्या नियोजित मार्गाच्या अंतिम सर्वेक्षणाचे काम ऑक्टोबर २०२१ च्या सामंजस्य करारानुसार कोकण रेल्वेकडेच आले. बोगदे, दरडी आणि उंच पूल यांचा सह्याद्रीतला अनुभव शिवालिकच्या डोंगरांत कामी येईल, असा त्यामागचा हिशेब.

१५. राज्य सरकारची परवानगी लागते का? आणि आगरतळ्याचा मार्ग तयार असूनही गाडी का नाही?

घटनेच्या सातव्या परिशिष्टात परराष्ट्र व्यवहार, परदेशांशी करार आणि रेल्वे हे तिन्ही विषय केंद्राच्या यादीत आहेत, म्हणून कायदेशीर परवानगी लागत नाही. व्यवहारात मात्र भूसंपादन, लोहमार्ग पोलीस आणि स्थानकाबाहेरचा बंदोबस्त राज्याकडे असतो. पश्चिम बंगालने तिस्तेच्या पाणीवाटपाला सतत विरोध केला, परंतु रेल्वेसेवांना नाही. जून २०२४ मध्ये ममता बॅनर्जी यांनी पंतप्रधानांना पाठवलेल्या निषेधाच्या पत्रातही रेल्वे आणि बससेवांचा उल्लेख सहकार्याचे उदाहरण म्हणूनच होता.

त्रिपुरातील आगरतळा ते बांगलादेशातील अखौरा या सव्वाबारा किलोमीटरच्या मार्गाचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. भारताच्या बाजूला निश्चिंतपूर येथे इमिग्रेशन आणि सीमाशुल्काची सोय असलेले स्थानक आहे. पुढे प्रवासी सेवेचा करार, वेळापत्रक आणि पूर्व बांगलादेशातील गेजचा प्रश्न (प्रश्न ४ मध्ये तो स्पष्ट केला आहे) मिटण्याआधीच ढाक्यात सत्तांतर झाले. त्रिपुरातील माणसाला रेल्वेने कोलकात्याला जायचे तर आसाममार्गे मोठा वळसा पडतो. ढाक्यावरून तेच अंतर कितीतरी कमी होईल. या एका मार्गाचे महत्त्व म्हणून इतर सर्व मार्गांहून वेगळे आहे.

१६. दर वेळी दोन देशांचा वेगळा करार करण्यापेक्षा सगळ्या शेजाऱ्यांचा एकच करार का नाही? आणि भूतानचे काय?

प्रयत्न झाला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या सार्क परिषदेत प्रादेशिक रेल्वे कराराचा मसुदा तयार होता. पाकिस्तानने अंतर्गत प्रक्रिया अपुरी असल्याचे सांगून रेल्वे आणि मोटार वाहतूक या दोन्ही करारांना त्या वेळी संमती दिली नाही. ऊर्जा सहकार्याचा तेवढा झाला. त्यानंतर बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी २०१५ मध्ये थिंफू येथे मोटार वाहनांचा स्वतंत्र करार केला, पण रेल्वेच्या बाबतीत दोन-दोन देशांची बोलणी हीच पद्धत राहिली. एका शेजाऱ्याशी बिनसले तर दुसऱ्याची गाडी अडत नाही, हा या पद्धतीचा फायदा मोठा आहे.

भूतानबरोबर २९ सप्टेंबर २०२५ रोजी दोन मार्गांची घोषणा झाली: आसाममधील कोक्राझार ते गेलेफू, ६९ किलोमीटर, आणि पश्चिम बंगालमधील बानरहाट ते सामत्से, २० किलोमीटर. दोन्हींचा एकत्रित खर्च सुमारे ४,०३३ कोटी रुपये असून पहिल्याला चार आणि दुसऱ्याला तीन वर्षे लागतील असा अंदाज दिला आहे. भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, पण प्रवेश परवाना घ्यावा लागतो आणि पर्यटकांना दर रात्री १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क भरावे लागते. हा परवाना आणि शुल्क गाडीत, कोक्राझारला की गेलेफूच्या फलाटावर घ्यायचे, भूतानात कामाला जाणारे मजूर आणि सीमेलगतचे रोजचे प्रवासी यांना कोणती सूट द्यायची, आणि तिसऱ्या देशाच्या पर्यटकाला जयनगरसारखी बंदी असेल की नाही, हे प्रश्न रूळ टाकून होण्याआधी सोडवण्यासाठी दोन्ही सरकारांच्या हाती आता तीन-चार वर्षे आहेत.